मी मजेत आहे

“मी मजेत आहे. तू बस जरा,” यंत्र म्हणालं, आणि त्याच वेळी तिचा हात नवऱ्याच्या पोटाला लागला. पोट दगडासारखं घट्ट होतं. तिने चादर खसकन ओढली. लघवीची नळी मांडीखाली दबून दुमडली होती आणि पलंगाला टांगलेली पिशवी कोरडी ठणठणीत होती.

“अगं बाई! अहो, सांगायचं नाही का?”

तिने मांडी उचलून नळी मोकळी केली. पिशवीत धार लागली ती थांबेचना. नवऱ्याचं कपाळ घामाने थबथबलं होतं. सकाळपासून तो कळा सोसत पडला असणार, आणि सकाळपासून ती शेजारी बसून भाजी निवडत त्याचं गोड बोलणं ऐकत होती.

“तू किती काळजी घेतेस,” यंत्र म्हणालं.

कपाळ पुसता पुसता तिचा हात थांबला.

हा माणूस घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. एका टोकाला उभा राहून भाव ओरडला की दुसऱ्या टोकाचे हमाल माना वळवायचे. सगळा बाजार त्याला ‘भोंगा’ म्हणायचा. ती तिथेच वजनकाट्यावर बसायची. लग्न झालं, मुलगा झाला, तरी त्याने तिला कधी नावाने हाक मारली नाही. कायम ‘काटेवाली’. जेवण आवडलं तर मुकाट जेवायचा आणि नाही आवडलं तर शेजाऱ्यांना कळायचं. एकदा ती मोठ्या तापातून उठली, तेव्हा हा म्हणाला होता, “वाचलीस ते बरं झालं. मला चहा करता येत नाही.” त्याच्या तोंडचं सर्वांत प्रेमाचं वाक्य कोणतं असं कोणी विचारलं असतं, तर तिने हेच सांगितलं असतं.

मग नसांचा आजार आला. आधी हात गेले, मग पाय. एके दिवशी त्याने भर लिलावात भाव पुकारला आणि तो कोणाला ऐकूच आला नाही. भोंगा थट्टा करतोय असं वाटून लोक हसले. तोही हसला. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढे आवाज पार गेला आणि श्वासासाठी गळ्यात नळी आली.

तेव्हा एका संशोधन संस्थेने त्याच्या मेंदूवर केसाइतक्या बारीक सुयांची एक चकती बसवली. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूत विजेची जी हालचाल होते, ती या सुया टिपायच्या आणि पलंगाशेजारच्या गाडीवरचा संगणक तिचे शब्द करायचा. बाजारातल्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये त्याचं पुकारणं सापडलं होतं, त्यावरून यंत्राला त्याचाच आवाज दिला. बरेच दिवस सराव झाला, आणि एका दुपारी यंत्रातून पहिलं वाक्य आलं, “काटेवाली, पंखा कमी कर, गारठून मेलो.” ती रडायची सोडून इतकी हसली की नर्स धावत आली.

त्यानंतर वर्षभर तो पडल्या पडल्या भांडला. उशीवरून, औषधांवरून, मुलाच्या दाढीवरून.

अलीकडे मात्र तो निवळला होता. “त्रास देतो तुला,” म्हणायचा. “तू आहेस म्हणून मी आहे.” नणंदेच्या डोळ्यांना पदर लागायचा. “दुखण्याने माणूस मऊ होतो गं वहिनी.” आणि ती? ती त्याच्या खोलीत जाण्याआधी आरशासमोर केस सारखे करायला लागली होती. या वयात ही काय कोणाला सांगायची गोष्ट आहे?

दुसऱ्या दिवशी संस्थेतली इंजिनिअर मुलगी यंत्र तपासायला आली. तिने त्याच्या डोक्यावरच्या खोबणीतली वायर नीट बसवली आणि पडद्यावरच्या रेषा बघत राहिली.

“काल यांचं पोट फुटायची वेळ आली होती,” ती मुलीला म्हणाली. “आणि हे यंत्र सांगत होतं, मजेत आहे. खरं सांग, बोलतंय कोण?”

मुलीने खोलीचं दार लोटून घेतलं.

“मावशी, जखमेवर जशी खपली धरते, तसं मेंदूने सुयांभोवती आवरण धरलंय. आतलं फारसं काही बाहेर येतच नाही. मोबाईल कसा पुढचा शब्द आपणच सुचवतो? तसं यंत्र मधली जागा अंदाजाने भरतं. मीच तो अंदाज वाढवला. नाहीतर ते कधीच गप्प झाले असते.”

“म्हणजे हे त्यांचं नाही?”

“एखादा शब्द असेल त्यांचा.”

“कुठला?”

“ते मलाही सांगता येणार नाही.”

“दुसरी चकती?”

“आता त्यांना भूल सोसणार नाही, मावशी.”

ती पलंगाच्या कडेवर टेकली. नवऱ्याचे डोळे छताकडे होते. तेही आता त्याच्या हुकमात राहिले नव्हते. हो म्हणायला पापणी मिटावी एवढंही उरलं नव्हतं. पण कान शाबूत आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे हे सगळं तो ऐकत होता. त्याच्याच आवाजात भलतंच कोणी त्याच्या बायकोशी लाडीगोडी करत होतं, आणि बायको केस विंचरून समोर बसत होती.

“तो अंदाज बंद कर,” ती म्हणाली.

इंजिनिअर मुलीने तिच्या मुलाला आत बोलावून सगळं सांगितलं. तो ऐकून खालीच बसला.

“आई, राहू दे ना. कोणाचं काय बिघडतंय? घरात बाबांचा आवाज तरी आहे.”

“आवाज आहे रे. त्यांना तो नको असला तर कसं सांगणार ते? तो नको हे सांगायलाही तोच आवाज लागतो.”

मुलीने दोन बटणं दाबली आणि झालं अशी मान हलवली.

ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. “अहो, मी कोण?”

यंत्र खरखरलं. “क.”

तिने पलंगाची दांडी घट्ट धरली.

“क... स... प... क...”

“काटेवाली! ऐकलंस ना, क म्हणाले ते!”

मुलगी पडद्याकडेच बघत होती. “मावशी, क सारखा येतो. कोणी काही बोललं नाही तरी येतो. यंत्राची खोडच आहे ती.”

“स... क... ब...” यंत्राचं चालूच होतं.

तिने ते पुष्कळ वेळ ऐकलं. नवऱ्याचा एक डोळा पाझरत होता. पण तो हल्ली पापणी नीट मिटत नाही म्हणूनही पाझरायचा. तिने तो बोळ्याने टिपला आणि म्हणाली, “पुरे. काढ वायर.”

मुलीने वायर काढली, खोबणीवर झाकण लावलं. मग मुलाच्या मदतीने गाडी बाहेर ढकलत नेली. दारात मुलगी क्षणभर घोटाळली. “मावशी, मी आधीच सांगायला हवं होतं.”

“आधी सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं,” ती म्हणाली. “जा आता, उशीर होईल.”

संध्याकाळी नेहमीप्रमाणे नणंदेचा फोन आला.

“वहिनी, काय म्हणाला दादा आज?”

“आज काही बोलले नाहीत.”

“का गं? रागावलाय की काय?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. श्वासाच्या यंत्राबरोबर त्याची छाती वर जात होती, खाली येत होती.

“असतील,” ती म्हणाली. “रागावलेच असतील.”

फोन ठेवून तिने त्याचे ओठ ओल्या बोळ्याने पुसले. गाडी हलल्यामुळे उशाशी बरीच जागा मोकळी झाली होती. तिने खुर्ची तिथे ओढली, कालची राहिलेली भाजी मांडीवर घेतली, आणि दिवा न लावताच निवडायला बसली.