अख्खं जात नाही

तिकिटाचा एक कोपरा सुटून वर आला होता... बोटानं दाबला की बसायचा, बोट उचललं की पुन्हा सावकाश वर यायचा, वर्गात मागच्या बाकावरून कुणी भीतभीत हात वर करावा तसा. पाकिटावर पत्ता होता, पण तो पत्र पाठवणाऱ्याचाच, त्याच्याच थरथरत्या अक्षरात. उत्तरासाठी त्यानं ते सोबत जोडलं होतं. अशी पाकीट जोडणारी माणसं आता उरली नाहीत, असं पत्र आलं त्या दिवशी ते उघडणाऱ्याला वाटलं होतं. उत्तर उद्या लिहू, असंही वाटलं होतं. मग शाळांच्या सुट्ट्या संपल्या, पुन्हा लागल्या, करमणुकीच्या ज्या पार्कमध्ये तो कामाला होता तिथले भाव दोनदा वाढले, आणि ते पाकीट टेबलावरच्या तारेच्या ट्रेमध्ये सगळ्यात खाली राहिलं. वर दुसरी पत्रं येत गेली, जात गेली. त्यांना उत्तरं होती.

खिडकीमागून मोठा पाळणा खाली आला आणि माणसं ओरडली. काच थोडी थरथरली. इथं नोकरीला लागला तेव्हा तो प्रत्येक ओरडण्याला दचकायचा. छापखाना बंद पडल्यावर, म्हणजे आयुष्यभर प्रूफं तपासून झाल्यावर, उतारवयात पत्करलेली ही नोकरी, आणि पैसे देऊन ओरडायला येणारी ही माणसं... आता ऐकू येत नाही. आता ओरडणं थांबलं की दचकायला होतं.

त्याचं काम दोन प्रकारचं. पार्कमधल्या पाट्या नि फलक छापण्याआधी वाचायचे, आणि तक्रारींना उत्तरं द्यायची. तक्रारी बहुतेक खाण्यापिण्याच्या भावाच्या. पाण्याची बाटली एवढी महाग कशी, मक्याच्या लाह्यांत काय सोनं घातलंय का, चहाचा कप अर्धाच भरतात. त्यासाठी त्यानं चार परिच्छेद लिहून ठेवले होते. पहिला आभाराचा. दुसरा स्वच्छतेचा. तिसरा कच्चा माल, वाहतूक आणि वीज यांच्या वाढत्या खर्चाचा. चौथा गेटजवळच्या मोफत पाण्याच्या नळाचा, जो असतो, पण बऱ्याचदा बंद असतो. तिसरा परिच्छेद त्याला स्वतःला आवडायचा. त्यात एकही शब्द इकडचा तिकडे करण्यासारखा नव्हता. असं काही आपल्याला लिहिता येतं याचं त्याला नवल वाटलं होतं, आणि लगेच, हेच फक्त लिहिता येतं, असंही वाटलं होतं.

पाकिटाखालचं पत्र उघडायची गरज नव्हती. ते पाठ होतं. तरी त्यानं उघडलं.

"नातीला नुकतंच वाचता येऊ लागलं आहे. दिसेल ते मोठ्यानं वाचते. तुमच्या खाण्याच्या स्टॉलसमोर उभी राहून तिनं अख्खा बोर्ड वाचला, नावं वाचली, पुढचे आकडे वाचले, एकदाही अडखळली नाही. मग माझा हात धरून म्हणाली, आबा, मला भूक नाही. पहाटे दूध पिऊन निघाली होती. आमचा डबा तुमच्या गेटवर ठेवून घेतला होता. मला काही परत नको. भाव तुमचे, तुम्ही ठरवाल. एवढंच कळवा, की पोरीला मी काय सांगायला हवं होतं. पाकीट सोबत जोडलं आहे."

दुसऱ्या ओळीवर अजून लालसर डाग होता. पहिल्यांदा वाचताना हातात लाल पेन्सिल होती, आणि त्या हातानं आपोआप एका शब्दावर खूण केली होती... माणूस काय सांगतोय ते डोक्यात पोचायच्या आत. नंतर त्यानं ती खोडरबरानं पुसली, पण लाल पुसलं जात नाही, पसरतं. कुणाच्या घरी समाचाराला जाऊन भिंतीवरचा फोटो वाकडा आहे म्हणून सरळ करावा, तसं वाटलं होतं. त्यानंतर त्या आजोबांना तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न, मूळ प्रश्नाआधीच, वाटेत येऊन बसला.

"काका, आहात का?"

मॅडम दारात उभ्या होत्या. वयानं त्याच्या मुलीएवढ्या. हातात नेहमी फोन, आणि चेहऱ्यावर सतत काहीतरी आठवत असल्याचा भाव. ऑफिसातली बाकीची पोरं त्याला पाठीमागं काना-मात्रा म्हणतात. मॅडम तोंडावर काका म्हणतात, पाठीमागचं माहीत नाही.

"उद्यापासून उत्तरं मशीन देणार. तुमची सुटका."

"हो, सांगितलं होतंत."

"तुमचेच चार परिच्छेद घातलेत हो त्यात. तुमचा तीन नंबर म्हणजे... लोक वाचून भांडायचं विसरतात." त्या हसल्या. त्यांना खरंच कौतुक होतं. "फक्त जुनं काही उघडं राहायला नको. एक दिसतंय तुमच्या नावावर. बरंच जुनं आहे."

"ते जरा..."

"तीन लावा आणि बंद करा ना. संध्याकाळी ट्रेमध्ये जे राहील ते फाडायच्या यंत्रात जाणार, शिपायाला सांगून ठेवलंय." त्या वळल्या, पुन्हा आल्या. "आणि हा नवा बोर्ड. दुपारपर्यंत वाचून द्या. नावं तेवढी बघा, आकडे नंतर बसतील."

आकडे नंतर बसतात. भाव इतक्यांदा बदलतात की बोर्ड दर वेळी छापणं परवडत नाही. म्हणून नावं छापून घेतात आणि पुढे खाच ठेवतात, त्या खाचेत आकड्यांच्या पट्ट्या सरकवायच्या. त्याच्याकडे बोर्ड येतो तो असाच — चहा, पुढे मोकळी जागा. पाणी, मोकळी जागा. लाह्या लहान, लाह्या मोठ्या, मोकळी जागा, मोकळी जागा. मी काय वाचत आलो इतकी वर्षं? त्या मुलीनं न अडखळता वाचला तो बोर्ड माझ्या हाताखालून गेला होता. ती अडखळली नाही कारण अडखळण्यासारखं मी काही ठेवलं नव्हतं. आणि ज्या भावांसाठी इतक्या माणसांची माफी मागितली, ते मी कधी पाहिलेले नाहीत. तो मागच्या गेटनं येतो, घरचा डबा आणतो, मागच्या गेटनं जातो.

त्यानं बोर्ड वाचला. चूक नव्हती. मग एक कोरा कागद पुढे ओढला आणि "आपले पत्र मिळाले" एवढं लिहिलं. पुढे हात आपोआप "वाढत्या खर्चामुळे" कडे निघाला... बैल गोठ्याकडे वळावा तसा. कागद चुरगाळला. दुसरा घेतला. पाळणा खाली आला, माणसं ओरडली, वर गेला. दुसराही चुरगाळला. तीन लावलं तर काय होईल? काहीच होणार नाही. आजोबा वाचतील, घडी घालतील. मुलगी आता वरच्या वर्गात गेली असेल, विसरली असेल. किंवा विसरली नसेल. भूक नाही म्हणायला आता तिला बोर्ड वाचावाही लागत नसेल.

दुपारी तो डबा न उघडता बाहेर पडला, आणि पहिल्यांदाच मागच्या गेटकडे न जाता पुढे चालत गेला.

ऊन, रंग, मोठ्यानं वाजणारं संगीत. आपण इथं कुणाला विचारून आलो नाही असं त्याला उगाच वाटत राहिलं. स्टॉलवर एक बाई होत्या, टोपीखाली केस कोंबलेले. पगाराच्या दिवशी रांगेत त्या पुढे असायच्या, म्हणून ओळख.

"अगंबाई, काका! रस्ता चुकलात?"

"नाही... पाणी केवढ्याला आहे, बघायला आलो."

"मग बघा की. वर लिहिलंय, ते वाचायचाच तर तुम्हाला पगार आहे."

त्यानं वर पाहिलं. नावं सगळी ओळखीची होती, आणि प्रत्येकापुढे आकडा. पाण्यापुढचा आकडा त्यानं वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. कितीतरी चांगल्या पुस्तकांवरचा आकडा यापेक्षा लहान असतो, असं मनात आलं, आणि लगेच, असलं पुस्तकी काहीतरीच आपल्याला सुचतं म्हणून लाज वाटली.

"तुम्हाला काही वाटत नाही?" त्यानं विचारलं. "असं घेताना... लोकांकडून?"

"मी कुठं घेते? मी चित्र दाबते, भाव मशीन सांगतं. म्हणून तर बरं." त्यांनी गल्ल्यावरचं फडकं फिरवलं. "पहिल्या वर्षी तोंडानं सांगायचे. घसा बसायचा. ओरडून नाही हं, नुसता सांगून." मग हनुवटीनं समोरच्या झाडाकडे खूण केली. "ते जोडपं बघा. बाळाची पिशवी घेऊन आलंय. गेटवर फक्त बाळाचं खाणं सोडतात ना."

"बरोबर आहे. नियम आहे."

"बाळ दिसतंय का कुठं?"

झाडाखाली पन्नाशीचे नवरा-बायको बसले होते, मध्ये निळी, सशाचं चित्र असलेली पिशवी. बाई इकडंतिकडं बघून आत हात घालत होती आणि घास नवऱ्याच्या हातावर ठेवत होती. नवरा मान हलवत होता, नको, नको. बाई ठेवतच होती.

"शिपायाला सांगू का?" स्टॉलवाल्या बाई म्हणाल्या, आणि त्याचा चेहरा बघून हसायला लागल्या. "अहो, चेष्टा केली. बाळ मोठं झालंय असं समजू."

तो परत निघाला. नको, नको... ती मान त्याच्या ओळखीची होती. मुलगी लहान असताना तेही एकदा असेच कुठल्याशा पाळण्यांच्या जागी गेले होते. तेव्हाही भाव होतेच, तेव्हाचा पगारही तेव्हाचा. मुलीला आइस्क्रीम घेतलं आणि तो म्हणाला होता, मला भूक नाही. भूक होती. बायकोनं वर पाहिलं नाही, काही विचारलं नाही. एकच सँडविच घेतलं, दोन घास खाल्ले आणि उरलेलं त्याच्या हातात देत म्हणाली, मला अख्खं जात नाही हो, टाकायला नको. मग पुढं वर्षानुवर्षं तेच. चहा अर्धा, फळ अर्धं, हॉटेलात एकच थाळी. तिला अख्खं जात नाही, हे घरातलं एक ठरलेलं सत्य होऊन बसलं, तिच्या पायाच्या मापासारखं.

टेबलाशी बसून त्यानं घरी फोन लावला. तो असा दुपारी कधी लावत नसे.

"काय झालं?" तिनं पहिल्यांदा तेच विचारलं.

"काही नाही. तुला... तुला ते अख्खं जायचं नाही, ते खरं होतं का?"

"काय अख्खं?"

"सँडविच. आपण पाळण्यात बसायला गेलो होतो. आणि नंतरही."

फोनवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"मला दोन गेली असती," ती म्हणाली.

"मग म्हणाली का नाहीस?"

"तुम्ही भूक आहे म्हणाला होतात का?" "ऐका, ऊन लागलंय का तुम्हाला? डबा खाल्लात?"

"भूक—" तो थांबला. "खातो आता."

"खा. आणि संपवा, काल निम्मा परत आणला होता."

तिनं फोन ठेवला तरी तो कानाशीच धरून राहिला. म्हणजे तिला माहीत होतं. आणि तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं... की होतं? घास घेताना माणसाला किती माहीत असतं? तेव्हा तो घास गोडच लागला होता, हे मात्र आठवत होतं, आणि इतक्या वर्षांनी त्या गोडीचं काय करायचं ते कळत नव्हतं.

संध्याकाळ व्हायला लागली तसा शिपाई टेबलाटेबलांवरून कागद गोळा करत फिरू लागला. यंत्राची घरघर जवळ येत होती. त्यानं कागद ओढला आणि लिहिलं, या वेळी पार्कच्या नावाचा नाही, आपल्या वहीतला.

"महोदय, पाणी महाग आहे. खाणंही. का, ते मी अनेकांना लिहून कळवलं आहे, पण ते मला माहीत नाही. तो बोर्ड मीच वाचून दिला होता. तिला सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पुन्हा कधी तुम्ही दोघं कुठे गेलात, तर एकच काहीतरी घ्या आणि तुम्हाला अख्खं जात नाही असं म्हणा. ती ओळखेल. मुली ओळखतात. तरी म्हणा. उशिराबद्दल क्षमा करावी."

खाली हुद्दा लिहिला नाही. कागदाची घडी घालून त्या जुन्या पाकिटात घातली. शिपाई येऊन उभा राहिला तेव्हा त्यानं रिकामा ट्रे पुढे केला.

"हे पत्र?"

"हे माझं आहे," तो म्हणाला, आणि आजोबांचं पत्र, पाकीट दोन्ही खिशात घातलं.

बसथांब्याजवळच्या टपालपेटीपाशी त्याच्या लक्षात आलं की टपालही तेव्हापासून महागलं आहे. पैशाच्या पाकिटाच्या कप्प्यात त्याच्याकडे सुटी तिकिटं असतात. त्यातली दोन त्यानं शेजारी चिकटवली, आणि सुटलेली कड अंगठ्यानं दाबून धरली. मग पाकीट फटीत सोडलं. आत पडल्याचा आवाज झाला नाही. पेटी भरलेली असावी, किंवा रस्त्यावरच्या आवाजात ऐकू आला नसावा.

आता ती येईल, हे त्याला ठाऊक होतं. कुणाला चार ओळी लिहिल्या की नेहमी येते ती — हे काय लिहिलंस, कोण तू सल्ला देणारा, दुसऱ्याच्या नातीबद्दल तुला काय कळतं. पत्र त्यानं पुन्हा वाचलंही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच न वाचलेला कागद हातातून गेला होता; त्यात काहीतरी नक्की चुकलं असणार. ती लाज यायलाच हवी होती. बस आली, दार उघडलं, मागच्या माणसानं त्याला जरा सरकायला सांगितलं. तो सरकला. बस गेली. थकलेल्या पायांवर अंग तोलत, ओळखीच्या माणसाला यायला उशीर झाला की मान वळवून बघावं तसा, तो तिची वाट बघत उभा राहिला.