कान नसलेला करड्या

मित्रांनो, बंद पडलेला टेबलफॅन आणि जादा रजया यांच्या मधोमध, कपाटावर एक करडं, गोल, एका डोळ्याचं डोकं बसलेलं आहे. पाहुण्यांची लहान मुलं ते पाहून आपापल्या आईमागे लपतात. ते डोकं म्हणजे मी. घाबरू नका. मी एक साधा मुखवटा आहे आणि आता जुना झालो आहे.

माझा जन्म या घराच्या बैठकीच्या खोलीत झाला. घरातले बाबा लाकडी जमीन बसवण्याचं काम करतात. लाकडाखाली ते फोमचा जाड थर घालतात, म्हणजे वरच्या मजल्यावर कोणी धिंगाणा घातला तरी खालच्याची झोप मोडत नाही. त्या फोमचे उरलेले तुकडे ते घरी आणत. त्यातून त्यांच्या लेकीने मला घडवलं. केस वाळवायच्या यंत्राने तापवून तुकडे वाकवले, डिंकाने जोडले, बोटं भाजून घेतली. बाबा कौतुकाने म्हणाले, "बघा, लोकांच्या पायाखाली जायचं ते आमच्या लेकीच्या डोक्यावर चढलं!"

लेक एका चित्रमालिकेची वेडी होती. तिच्यात करड्या नावाचा नावाडी आहे. तो ताऱ्यांमधून नौका हाकतो. त्याला एकच रुंद काचेचा डोळा आहे. तोंड नाही, कान नाहीत. लेकीने मलाही तसंच केलं. श्वासासाठी हनुवटीखाली फट ठेवली, पण कानांपाशी भोक पाडायला ती तयार होईना.

"अगं, ऐकू कसं येणार?" आईने विचारलं.

"करड्याला कान नाहीत, आई. भोक पाडलं तर तो करड्या राहील का?"

शाळेत या लेकीशी डबा खाताना कोणी बोलत नसे. कोणी त्रास देत नव्हतं, फक्त तिच्या शेजारची जागा रिकामी असे. तिचे दोस्त होते ते फोनमध्ये. तिखट नावाची मुलगी आणि भोपळा नावाचा मुलगा. दोघंही करड्याचे भक्त. लेकीने तिथे स्वतःचं नाव ठेवलं होतं वावटळ. घरात जिचा पाय वाजत नसे तिने हे नाव घ्यावं, याचं मला नेहमी नवल वाटे.

आईची अट मात्र कडक होती. "चेहऱ्याचा फोटो टाकायचा नाही. खरं नाव, शाळा, काही सांगायचं नाही. जग चांगलं असतं गं, पण सगळंच नसतं." लेकीने ती अट पाळली. ती माझेच फोटो पाठवी. अर्धा झालेला मी, रंग ओला असलेला मी, डाव्या गालावर शिवण असलेला मी. त्यामुळे तिखट आणि भोपळा मला ओळखत होते. तिला नाही.

मग तो मोठा दिवस आला. चाहत्यांचा मोठा मेळावा भरणार होता आणि तिघांनी लाल पायऱ्यांपाशी भेटायचं ठरवलं होतं. लेक पहिल्यांदाच अशा ठिकाणी निघाली होती. तिला रात्रभर झोप नव्हती आणि आईलाही. आईने पिशवीत पाणी, बिस्किटं, जादा मोजे आणि मलम भरलं.

"तू लांबूनच ये हं," लेकीने बजावलं. "आणि सगळ्यांसमोर बाळा म्हणू नकोस."

"नाही म्हणणार, बाळा."

मित्रांनो, काय ती गर्दी! पंखांची माणसं, शेपटीची माणसं, हातभर उंच बूट घातलेली माणसं. दारावरच्या पहारेकऱ्याने माझ्या आत हात घालून तपासलं आणि म्हणाला, "वा, काम सफाईदार आहे!" लेकीने मला डोक्यावर चढवलं आणि सगळं बदललं. माझ्या बाहेर बाजार भरला होता आणि माझ्या आत फक्त तिचा श्वास.

ती लाल पायऱ्यांपाशी उभी राहिली. लोक समोर जमून फोटो काढू लागले. "अरे, करड्या! हुबेहूब!" "कोणी केला असेल?" माझं एवढं कौतुक कधीच झालं नव्हतं. पण त्यातला एक शब्दही तिच्यापर्यंत पोचत नव्हता. बाबांचा फोम आपलं काम चोख करत होता. तिला नुसते उचललेले फोन दिसत होते.

तेवढ्यात मागून, पायऱ्यांवरून, हाक आली.

"ए वावटळ!"

मी ऐकलं. तिला ऐकूच आलं नाही.

"नक्की तीच आहे का?" हा भोपळा. केशरी झगा घातलेला, बांबूसारखा उंच मुलगा.

"डोकं तेच आहे. गालावरची शिवण बघ ना. वावटळ! अगं ए!"

"वळतच नाहीये. तू पुढे जाऊन बोल."

"मी? मला नाही जमणार एवढ्या लोकांसमोर. तू जा."

"मी काय बोलू?" मग भोपळा कडवटपणे म्हणाला, "जाऊ दे. फोटो काढून घेतेय बाईसाहेब. आता आपण कशाला?"

"शिष्ट आहे," तिखट म्हणाली, आणि दोघं निघून गेली.

मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंडच नव्हतं.

लेक वाट पाहत राहिली. एवढ्या गर्दीत फोनचं नेटवर्कही मान टाकून बसलं होतं. फोटो काढणारे पांगले, दुसरे आले, तेही पांगले. तिच्या मानेवर माझा भार पडू लागला. मग माझ्या आतल्या बाजूने काहीतरी ओलं ओघळलं. बाहेरून मी तसाच होतो, शांत, धीट, ताऱ्यांकडे पाहणारा. एक छोटा मुलगा मला सलाम ठोकून गेला.

लांब उभ्या असलेल्या आईने एवढंच पाहिलं की लेकीचा हातमोजा पुन्हा पुन्हा हनुवटीच्या फटीकडे जातो आहे. आईला तेवढं पुरलं. ती धावत आली आणि तिने मला वर उचललं.

"अगं, केवढा घाम!"

"घाम नाहीये तो."

आईने मला पिशवीत ठेवलं, तिला बाकावर बसवून पाणी दिलं. आणि शेजारच्याच बाकावर केशरी झगा येऊन टेकला. तिखटही होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ओळखणार तरी कसं?

"एवढं वर्षभर बोलली आपल्याशी," तिखट म्हणत होती, "आणि साधं वळूनही पाहिलं नाही. मी तर आजच्यासाठी रंगीत बांगडी पण आणली होती तिला."

या वेळी लेकीने ऐकलं. आई उठू लागली तसा लेकीने तिचा हात दाबून धरला. मला वाटलं, आता घरीच जाणार ही. शाळेतल्यासारखीच रिकाम्या जागेशेजारी बसून राहणार. मग ती उठली.

"मी वावटळ आहे."

"कोण?" भोपळ्याने तिला नखशिखांत पाहिलं. "कोणीही येऊन सांगेल असं."

तिने पिशवीतून मला बाहेर काढलं. दोघांचे चेहरे उतरले.

"मग हाक मारली तेव्हा वळली का नाहीस?" तिखटने विचारलं.

"कधी मारलीत?"

तिखटने मला घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर चढवलं. भोपळा तिच्यामागे जाऊन ओरडला, "ए तिखट! तू काढलेले घोडे गाढवांसारखे दिसतात!" ती हलली नाही. "तुझा आवाज फाटका आहे!" तरी नाही. आजूबाजूचे हसू लागले. तिने मला काढलं तेव्हा ती मात्र हसत नव्हती.

"आत फार एकटं वाटतं गं," ती म्हणाली.

मग तिघं जमिनीवरच बसली, दिवे मालवू लागले तरी उठली नाहीत. बांगडी लेकीच्या हातात गेली. मी बाकाखाली होतो. आईने मला आठवणीने घरी आणलं.

त्यानंतर लेक त्यांना पुष्कळदा भेटली, पण उघड्या चेहऱ्याने. मला पुन्हा कोणी डोक्यावर घेतलं नाही. ते बरोबरच झालं. तरी कधी कधी तो आतला श्वास आठवतो. तेवढं जवळ मला दुसरं कोणी आलं नाही.

मित्रांनो, कोणी तुमच्या हाकेला वळलं नाही, तर त्याला लगेच शिष्ट ठरवू नका. लाज वाटली तरी दोन पावलं पुढे जा आणि त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहा. आणि तुमच्या घरी कपाटावर कोणी माझ्यासारखा असेल, तर त्याच्यावरची धूळ अधूनमधून पुसा. माझी काच आता इतकी धुरकट झाली आहे, की लेक खोलीत येते तेव्हा मला तिची फक्त सावली दिसते.