धोटे सरांचं प्रश्नचिन्ह

महाल भागातल्या त्या शाळेत अकरावीचं इंग्रजी म्हणजे धोटे सर, हे बावीस वर्षांपासून ठरलेलं होतं. हेडमास्तर तीन बदलले, पण अकरावीअखेरच्या मॅट्रिकच्या आधी व्याकरणाची उजळणी घ्यायची ती वामनराव धोट्यांनीच, आणि तीही त्यांनी स्वतः लिहून सायक्लोस्टाइल केलेल्या चाळीस पानांवरून. पोरं त्या पानांना ‘पोथी’ म्हणत. पोथीतला नियम ज्याला पाठ नसेल त्याला वामनराव बाकावर उभं करत, आणि त्याचा बाप त्यांच्याच हाताखाली शिकून गेलेला असेल तर बापाचाही उद्धार करत.

१९६९ची दिवाळी झाली आणि शाळेत जयवंता भोयर आली. काटोलची पोरगी, एम.ए. झालेली, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. हेडमास्तर मनोहररावांनी वामनरावांना न विचारता अकरावी ‘ब’चं इंग्रजी तिला देऊन टाकलं. वामनरावांकडे ‘अ’ तुकडी राहिली. मनोहरराव एकेकाळी त्यांच्या हाताखाली नववीचे तास घेत असत. त्यामुळे ही जखम वामनरावांना दुहेरी लागली.

पहिल्याच सोमवारी जयवंतानं घरच्या बागेतल्या संत्र्यांची पिशवी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ठेवली. सगळ्यांनी एकेक उचललं. वामनरावांनी आपल्या पुढ्यातलं संत्रं पेन्सिलीच्या टोकानं बाजूला ढकललं आणि हजेरीपट उघडला.

आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत ती पोथी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. चौदावं पान उघडलेलं होतं.

“सर, एक विचारायचं होतं. कोणी विचारलेला प्रश्न आपण आपल्या शब्दांत सांगतो, तेव्हा शेवटी तुम्ही प्रश्नचिन्ह दिलंय. ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’, आणि पुढे प्रश्नचिन्ह.”

“मंग?”

“तिथं पूर्णविराम यायला पाहिजे ना? तो प्रश्न राहत नाही. त्यानं विचारलं, एवढंच आपण सांगतो.”

खोलीतले चहाचे कप थांबले. वामनराव खुर्चीत मागे रेलले.

“बाई, तुमचं वय काय?”

“चोवीस.”

“तुमी पाळण्यात होत्या तवापासून मी हे शिकवून राहिलो. माह्या हाताखालचे पोरं आज वकील हायेत, डॉक्टर हायेत. विचारलं म्हटलं की प्रश्न आला, प्रश्न आला की चिन्ह आलं. काटोलात वेगळं इंग्रजी चालत असन तर मले माहीत नाही.”

दोघंतिघं हसले. जयवंता हसली नाही आणि रडवेलीही झाली नाही. तिनं पोथी मिटली आणि म्हणाली, “मी माझ्या वर्गात पूर्णविरामच शिकवीन, सर.”

“शिकवा. पेपर कोण तपासते ते पाहून शिकवा.”

त्याच दिवशी शेवटचा तास मोकळा होता. वामनराव वाचनालयात गेले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरचं जाड इंग्रजी व्याकरण काढून घेतलं. पान सापडायला फार वेळ लागला नाही. तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं, खाली सहा उदाहरणं होती, आणि सहाही उदाहरणांच्या शेवटी पूर्णविराम होता. त्यांनी दुसरं पुस्तक काढलं. तिथंही तेच.

बावीस वर्षं, दरसाल साठ-सत्तर पोरं. त्यांनी हिशेब करायचा टाळला. चूक निघाली याचं त्यांना तितकं वाटलं नाही. माणसाच्या हातून चूक होते. पण ती त्या पोरीनं काढली, चारचौघांत काढली, आणि काढताना तिचा आवाज जराही कापला नाही, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी दोन्ही पुस्तकं होती तिथं ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली शिपायाला न देता खिशात टाकली.

त्यानंतर शाळेत उघड वैर सुरू झालं. जयवंताचा तास चालू असताना वामनराव व्हरांड्यातून जात आणि मुद्दाम थबकत. तिच्या फळ्यावरचं वाक्य आपल्या वर्गात मोठ्यानं म्हणून दाखवत. “बाजूच्या तुकडीत नवं व्याकरण निघालं म्हणते गा. तुमी आपलं जुनंच शिका, पास होसान.” ‘अ’ची पोरं ‘ब’च्या पोरांना ‘पूर्णविराम पार्टी’ म्हणून चिडवू लागली. एकदा पाण्याच्या नळाजवळ मारामारी झाली आणि एकाचा ओठ फुटला. जयवंता वामनरावांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसे, पण दोघांत शब्द नव्हता. ती वाचनालयातलं व्याकरण मागायला गेली तेव्हा कपाटाला कुलूप होतं. तिनं किल्ली कुठं आहे ते विचारलं. शिपायानं वामनरावांकडे बोट दाखवलं. ती त्यांच्याकडे आली नाही; दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या वाचनालयातून तेच पुस्तक घेऊन आली.

डिसेंबरात चाचणी परीक्षा झाली. या परीक्षेत जो पडेल त्याचा बोर्डाचा फॉर्म शाळा पाठवत नसे. दोन्ही तुकड्यांचे इंग्रजीचे पेपर तपासायचा मान वामनरावांचाच होता, आणि प्रत्यक्ष कथनाचं अप्रत्यक्ष करण्याच्या पाच वाक्यांपैकी तीन प्रश्नार्थक घालायचंही त्यांनीच ठरवलं होतं. ‘ब’ तुकडीच्या पेपरांवर त्यांची लाल पेन्सिल तीन वेळा सारखीच फिरली. प्रत्येक पूर्णविरामाला एक गोल, गोलाबाहेर शून्य. हात थांबला नाही. आपण काय करतो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे म्हणूनच ते भराभर तपासत होते.

बहुतेक पोरं तीन मार्क जाऊनही तरली. एक तरली नाही. शामला नावाची पोरगी, शहराबाहेरच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात हमाली करणाऱ्या रुपरावाची मुलगी. पासाला पस्तीस लागत. तिला तेहतीस पडले. फॉर्म अडला.

तिसऱ्या दिवशी रुपराव मुलीला घेऊन शाळेत आला. खांद्यावर पोत्याची धूळ, पायात टायरच्या चपला. हेडमास्तरांनी वामनरावांना आणि जयवंताला बोलावून घेतलं.

“मास्तर,” रुपराव हात जोडून म्हणाला, “पोरगी घरचं सारं करून शिकते जी. रोज वाडीवरून सायकल हाणत येते. दोन मार्काची गोष्ट हाय.”

वामनरावांनी पोरीकडे पाहिलं. काळीसावळी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, नजर सरळ. त्यांना दया आली असं नाही, पण ही भानगड इथंच मिटावी असं त्यांना फार वाटलं.

“ठीक हाय,” ते म्हणाले. “गरिबाची लेक हाय. मी दोन मार्क ग्रेसचे देऊन टाकतो. फॉर्म भरून घ्या.”

रुपराव त्यांच्या पायाशी वाकायला लागला. पोरीनं बापाचा दंड धरला.

“बाबा, थांबा.” मग ती वामनरावांकडे वळली. “मले ग्रेस नाही पायजे, सर.”

“काहून वं? मस्ती आली का?”

“माह्यं उत्तर बरोबर हाय. तिन्ही बरोबर हायेत. मले त्याचे मार्क पायजेत.”

“शामला!” बाप घाबरला. “मास्तर देऊन राहिले ना, घे!”

“उद्या बोर्डाच्या पेपरात मी काय लिहू, बाबा? सरांचं लिहू का बाईंचं?”

मनोहररावांनी जयवंताकडे पाहिलं. तिनं पिशवीतून विद्यापीठाचं जाड पुस्तक काढलं, खुणेची चिठ्ठी होती तिथं उघडलं आणि टेबलावर ठेवलं. हेडमास्तरांनी वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा पुसला आणि पुस्तक वामनरावांकडे सरकवलं.

“धोटे सर, तुम्ही पाहता का?”

वामनरावांनी पुस्तकाला हात लावला नाही. “पाहिलं हाय मी.”

“कधी?”

वामनरावांनी नजर खिडकीकडे वळवली. त्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. रुपरावालाही कळला असावा, कारण त्याचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

“दिवाळीनंतर,” शेवटी वामनराव म्हणाले.

मनोहरराव कधी आवाज चढवणारे नव्हते. आजही त्यांनी चढवला नाही. “पेपर तुमच्या कपाटात आहेत. ‘ब’चे सगळे इथं बसून पुन्हा तपासा. आणि ‘अ’चेही. तिथंही तीन-तीन मार्क कमी होतील, ते तुम्हीच पोरांना सांगा.”

मनोहररावांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, एखाद्या कारकुनासारखं बसून वामनरावांनी सत्याहत्तर पेपर तपासले. शामलाचे छत्तीस झाले. ‘अ’मधला एक पोरगा पस्तिसावर काठावर होता, तो तीन मार्कांनी पडला. तो वामनरावांचा लाडका होता. त्याला ग्रेस द्या म्हणायला त्यांची जीभ रेटेना, पण मनोहररावांनी आपणहून तीन मार्क लिहिले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी वामनराव ‘अ’ तुकडीवर गेले.

“पोथी काढा. पान चौदा. खालच्या नऊ वाक्यांतलं प्रश्नचिन्ह खोडा, पूर्णविराम द्या.”

बाकांमध्ये कुजबुज सुटली. मागून एकानं विचारलं, “काहून सर?”

“चुकलं होतं.”

“कोणाचं, सर?”

इतर वेळी असं विचारणारा तास संपेपर्यंत बाकावर उभा राहिला असता. वामनरावांनी खडू उचलला, ठेवला. “माह्यं,” ते म्हणाले. “खोडा आता. तोंडं काय पाहता?”

वर्ग इतका शांत झाला की नऊ वेळा कागदावर घासलेल्या निबांचा आवाज त्यांना ऐकू आला. एकही पोरगा हसला नाही, आणि हेच त्यांना अधिक लागलं.

मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले तेव्हा जयवंता एकटीच होती. ते आपल्या खुर्चीवर बसले नाहीत.

“तुमच्या मनासारखं झालं,” ते म्हणाले. “पण मी तुमाले माफ केलं असं समजू नका.”

जयवंतानं वहीतून मान वर केली. “मी माफी कुठं मागितली, सर? ती पोरगी वर्षभर घरी बसली असती. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि तुम्ही बसू देत होता. हे मीही विसरणार नाही.”

ते बाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले.

जूनमध्ये निकाल लागला. शामलाला इंग्रजीत सत्तेचाळीस होते आणि तिनं नर्सिंगला नाव घातलं. रुपराव पेढ्यांचा पुडा घेऊन आला. त्यानं हेडमास्तरांना पेढा दिला, जयवंताला दिला, शिपायाला दिला. वामनरावांसमोर तो क्षणभर थांबला, पुड्याकडे पाहिलं आणि दोरा बांधून पुढे गेला.

वामनराव आणखी पाच वर्षं त्या शाळेत होते. पाचही वर्षं जयवंता भोयर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. दोघं वेळेवर येत, आपापले तास घेत, हजेरीपट एकमेकांकडे सरकवत. बोलले मात्र कधीच नाहीत.