मला उघडायला मनाई आहे

मी एक स्क्रू बोलतोय. लगेच नाक मुरडू नका. खुर्चीच्या पायातला, दाराच्या कडीतला, कुणीही यावं आणि सुरीच्या टोकाने फिरवून जावं असला स्क्रू मी नव्हे. मी पेटंटवाला स्क्रू आहे. आकाराने मुंगीएवढा असलो तरी वकिलांनी माझ्यावर जेवढी पानं लिहिली, तेवढी तुमच्या अख्ख्या खानदानावर कुणी लिहिली नसतील.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तारेचा तुकडा तोडला, एका दणक्यात डोकं बनवलं, अंगाला आटे पाडले, झालं. तिथवर माझ्यात आणि इतरांत काही फरक नव्हता. फरक आहे तो डोक्यावरच्या खाचेत. ती फुलाच्या आकाराची आहे आणि तिची एक पाकळी मुद्दाम आखूड आणि तिरकी ठेवलेली आहे. बाजारातला कुठलाच स्क्रू ड्रायव्हर तिच्यात बसत नाही. जो बसतो तो फक्त कंपनीकडे असतो.

जगात शोध लागतात ते काहीतरी सोपं व्हावं म्हणून, असा तुमचा भाबडा समज असेल. माझा शोध एक गोष्ट अवघड व्हावी म्हणून लागला. विकत घेतलेली वस्तू विकत घेणाऱ्याला उघडता येऊ नये, एवढंच माझं काम. या कल्पनेबद्दल एका साहेबांचा सत्कार झाला म्हणे. मला तर बाई अभिमानच वाटला असता, पण मी बाई नाही, त्यामुळे नुसताच ताठ उभा राहिलो.

मग मला आणि माझ्या नऊ भावांना एका लॅपटॉपच्या पोटाला बसवलं. माझी जागा डाव्या कोपऱ्यात. तिथून जग उलटं दिसतं, म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग दिसतो आणि बाकी सगळं ऐकावं लागतं. माणसं लॅपटॉपसमोर बसून काय काय बोलतात ते ऐकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आमचा मालक पंप बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेला डिझायनर. त्याची बायको दातांची डॉक्टर. खाली तिचा दवाखाना, वर घर. घरात तिला सगळे डॉक्टर म्हणत, नवरासुद्धा. तिसरं माणूस म्हणजे डॉक्टरांचा धाकटा भाऊ, मालकाचा मेहुणा. त्याचं एक दुकान होतं. तो या घरात राहत नसे, पण जेवायच्या वेळेला हजर असे.

लॅपटॉप घरी आला त्या दिवशी मालकाने तो उघडला आणि पडद्यावर भलामोठा मजकूर आला. कंपनीच्या अटी. मी खाली कान देऊन बसलो. मला वाटलं, हा एवढा शिकलेला माणूस, चष्मा पुसून निदान पहिलं पान तरी वाचेल. त्याने बोटाने सर्रकन खाली ढकललं आणि ‘मला मान्य आहे’ दाबलं. लग्नात ‘नको’ म्हणायला जेवढा वेळ लागत नाही तेवढ्या वेळात त्याने मान्य केलं. आमच्याबद्दलही त्यात एक कलम होतं. आम्हाला हात लावणार नाही, असं वचन त्याने दिलं होतं आणि ते त्याला ठाऊकही नव्हतं.

आता गंमत ऐका. हाच माणूस स्वतःच्या कागदपत्रांच्या बाबतीत महाकडक होता. कारण त्याने स्वतःच एक शोध लावला होता. दूध उतू जाऊ न देणारं झाकण. वाफेचा दाब वाढला की आतली पट्टी उचलली जाते, दूध खाली बसतं आणि शिट्टी वाजते, अशी काहीतरी करामत होती. पाहुण्यांना तो हे सांगत नसे. नुसतं म्हणे, “एक काम चालू आहे. त्यावर आत्ता बोलता येणार नाही.”

झाकण बघायच्या आधी त्याने बायकोकडून लिहून घेतलं होतं की यातलं काहीही ती बाहेर बोलणार नाही. डॉक्टरांनी औषधं लिहायच्या कागदावर सही ठोकली आणि खाली लिहिलं, जेवणानंतर दोनदा. मेहुण्याला तर झाकण दाखवलंच नाही.

मेहुण्याचं यावर ठाम मत होतं. त्याची सगळ्यावरच ठाम मतं असत, आणि सिनेमे, गाणी, पुस्तकं, लॅपटॉपमधले प्रोग्राम असं सगळं तो फुकट मिळवत असे. “भाऊजी, जे नेटवर आहे ते सगळ्यांचं,” तो म्हणायचा. “पेटंट म्हणजे काय, तर मला सुचलं म्हणून तुम्हाला सुचायची बंदी.”

“उद्या तुझ्या दुकानातलं सामान कुणी उचलून नेलं तर?” मालक विचारी.

“सामान वेगळं. त्याला मी पैसे दिलेत.”

“आणि माझ्या डोक्याला पैसे नाही पडले?”

“तुमच्या डोक्याला पडलेत हो,” डॉक्टर आतून म्हणत, “पण दूध माझ्या पैशाचं उतू गेलंय.”

तर अशी ही पेटंटवरची घरगुती चर्चा. मी मालकाच्या बाजूचा होतो, उघडच आहे. आमची जात एक. या घरात आपल्याला समजून घेणारा माणूस आहे, असं मला वाटे.

झाकणाचा अर्ज त्याने वकिलामार्फत भरला होता, पण अर्धा. तशी सोय असते. आधी थोडक्यात सांगून रांगेत जागा धरायची, मग ठरलेल्या मुदतीत चित्रं आणि मापांसकट पूर्ण अर्ज द्यायचा. मुदत चुकली की जागा गेली, आणि मागे उभा असलेला कुणीही पुढे. ती चित्रं मालक या लॅपटॉपवर काढत होता. आणि फक्त याच लॅपटॉपवर. दुसरीकडे कुठेही प्रत ठेवायची नाही, कारण प्रत चोरीला जाते. नेटवर ठेवायची नाही, कारण नेट मेहुण्याचं आहे. कागदावरची कच्ची चित्रं त्याने फाडून बादलीत भिजत घातली होती, रद्दीत कुणी वाचू नये म्हणून. झाकणाचा चालणारा नमुनासुद्धा सुटा करून त्याचे भाग घरभर लपवले होते. कुठला भाग कुठे बसतो ते फक्त चित्रात होतं. चोराची त्याने पुरती वाट लावून ठेवली होती. चोर काही आला नाही.

आली ती बॅटरी. मला आधी पाठीवर दाब जाणवला. ती आतून फुगत चालली होती. लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला. मालकाने त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला आणि काम चालू ठेवलं. मग एका सकाळी पडदा काळा झाला तो झालाच. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

मालक आम्हाला काखोटीला मारून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. गार हवा, पांढरी टेबलं, हसरी मुलगी. तिने लॅपटॉप उलटा केला, तेव्हा माझी आणि तिची नजरानजर झाली. तिच्या टेबलावर आमचा स्क्रू ड्रायव्हर पडलेला होता. माझ्या मापाचा, एकुलता एक. मला भरून आलं.

“सर, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही,” ती म्हणाली. “पूर्ण आतला भाग बदलावा लागेल. त्यात तुमचं सगळं पुसलं जाईल.”

“मला फक्त माझी चित्रं हवीत. तुम्ही नुसतं उघडा. फुगलेली बॅटरी बाजूला काढा, चार्जरवर चालू करू.”

“तसं आम्हाला करता येत नाही, सर.”

“मग मी करतो. तो स्क्रू ड्रायव्हर द्या.”

“तो देता येत नाही, सर. आणि तुम्ही उघडणार नाही असं तुम्हीच मान्य केलंय.” तिने आपल्या संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. तारीख होती, वेळ होती, आणि त्याचं ‘मान्य’ होतं. मालक बराच वेळ ते वाचत उभा राहिला. घेतल्या दिवशी वाचलं असतं तर बसून वाचता आलं असतं. मग त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि आम्हाला घरी आणलं.

घरी मेहुणा तयारच होता. “द्या इकडे, मी उघडतो,” म्हणत त्याने नखं कापायच्या कात्रीचं टोक माझ्या डोक्यात खुपसलं. मी जागचा हललो नाही. त्याने सुरी आणली, टोकदार चिमटा आणला, शेवटी तोंडाने फुंकर मारली, ती कशासाठी ते त्यालाच ठाऊक. माझ्या दोन भावांची डोकी खरवडून निघाली. “भिकार स्क्रू आहे,” तो म्हणाला. मला हे आवडलं नाही. त्याला मी उघडत नव्हतो, म्हणजे मी उत्तम स्क्रू होतो.

डॉक्टर दवाखाना आटोपून वर आल्या. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि तोंडात बघतात तसं आमच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “याचं माप घेता येईल.”

“कसलं माप?” मालक म्हणाला.

“दाताच्या मुळात धातूची खुंटी बसवायची असते, तेव्हा काय करतो आम्ही? भोकात मऊ लगदा भरतो. तो कडक झाला की बाहेर काढतो आणि लॅबला पाठवतो. ते तसंच धातूत ओतून देतात. हे तर साधं भोक आहे, याला कीडही नाही.”

मालक एकदम उठला. मला वाटलं आनंदाने. पण तो खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, “तसं नाही करता येणार, डॉक्टर. ती खाच त्यांचा शोध आहे. त्याची चावी करणं म्हणजे चोरी झाली. माझ्या झाकणाचं कुणी असं केलं तर?”

मी सांगतो, त्या क्षणी मी त्याच्यावर जीव ओवाळून टाकला असता. असा तत्त्वाचा माणूस मी पाहिला नव्हता. मेहुण्याने कपाळावर हात मारला.

“आणि आत आहे तो शोध कुणाचा?” डॉक्टरांनी विचारलं.

“माझा.”

“मग आधी ठरवा, कुणाचा वाचवायचा ते.”

मालकाने वकिलाला फोन लावला. अशी चावी करणं कायद्यात बसतं का, असं विचारलं. वकील म्हणाला, “बसतं असंही म्हणता येईल, बसत नाही असंही म्हणता येईल. तुमची कुठली बाजू मांडायची तेवढं सांगा. आणि मुदतीचं तेवढं बघा.” मालकाने फोन ठेवला आणि लॅपटॉप उचलून स्वतःच खाली दवाखान्यात नेऊन ठेवला. त्याचं तत्त्व जिन्यातच कुठेतरी राहिलं असावं.

मला रुग्णाच्या खुर्चीवर झोपवण्यात आलं. डॉक्टरांनी माझ्या डोक्याला आधी व्हॅसलिन लावलं, मग गार लगदा भरला. “दुखणार नाही,” त्या सवयीने म्हणाल्या. लगदा कडक झाल्यावर अलगद बाहेर निघाला. ती आखूड, तिरकी पाकळी आणि बाकी सगळं त्यात आलं होतं. ज्यासाठी वकिलांनी एवढी पानं लिहिली, ते या बाईने दोन रुग्णांच्या मधल्या वेळात उतरवून घेतलं.

लॅबमधून ती चावी एका लहानशा डबीत आली, दातांच्या कॅपबरोबर. डॉक्टरांनी ती माझ्या डोक्यात बसवली आणि फिरवली. काय सांगू. कात्री, सुरी, चिमटा सोसल्यावर असा हळुवार हात लागला, आणि मी सुटलो. मला लाज वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. पाठीवरचा तो दाब गेला होता आणि मला फार बरं वाटलं. आम्ही दहाही जण दवाखान्याच्या स्टीलच्या ट्रेमध्ये खणखण पडलो आणि मी पहिल्यांदा मोकळा होऊन छत बघितलं.

बॅटरी बाहेर निघाली. चार्जर लावला. पडदा उजळला आणि मालकाने खुर्चीचा हात घट्ट धरला. सगळी चित्रं जागच्या जागी होती. त्याने डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेतले. मेहुणा म्हणाला, “आता तरी मला एक प्रत पाठवून ठेवा.” मालकाने पाठवली नाही.

मुदतीच्या आत अर्ज पूर्ण करायचा म्हणून तो तिथेच, दवाखान्याच्या टेबलावर लिहायला बसला. मी शेजारच्या ट्रेमध्ये होतो. लिहिता लिहिता तो मोठ्याने म्हणत असे, ती त्याची सवय. पट्टीचं वर्णन झालं, शिट्टीचं झालं. मग तो जरा थांबला, ट्रेकडे बघितलं, मला चिमटीत उचललं आणि दिव्यासमोर धरून फिरवत राहिला. मला वाटलं, आता हा मला खिडकीतून भिरकावणार, आणि त्याचं बरोबरच होतं.

त्याने मला खाली ठेवलं आणि लिहिलं. म्हणत म्हणत लिहिलं. “झाकणाचा वरचा भाग फुलाच्या आकाराच्या विशिष्ट खाचेच्या स्क्रूंनी बंद केलेला असेल, जेणेकरून ग्राहकास तो उघडता येणार नाही.”

डॉक्टर हात धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला. “आत दूध गेलं तर धुवायचं कसं?”

“कंपनीकडे पाठवायचं.”

“कुठली कंपनी?”

“आपली,” तो म्हणाला, अगदी सहज.

डॉक्टरांनी हात पुसले. मग त्यांनी नऊ भावांना परत लॅपटॉपला बसवलं. मला बसवलं नाही. मला आणि त्या चावीला लॅबच्या डबीत घातलं, वर नेलं आणि स्वयंपाकघराच्या खणात ठेवलं, चहाच्या गाळणीशेजारी.

“इथे कशाला?” मालकाने विचारलं.

“लागेल,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे पहिलं झाकण येईल ना, तेव्हा.”

तेव्हापासून मी या खणात आहे, माझ्या चावीबरोबर. ज्या गोष्टीची मला मनाई होती तिच्याच शेजारी माझा मुक्काम आहे आणि आमचं छान जमतं. तुम्हाला माझी एकच विनंती. नवीन वस्तू घ्याल तेव्हा पडद्यावरचं काही वाचू नका. तुम्ही वाचणार नाहीच, उगाच खोटं कशाला बोला. नुसती ती वस्तू एकदा उलटी करून बघा. खाली माझ्यासारखा कुणी दिसला, तर तुमच्या ओळखीत दातांचा डॉक्टर कोण आहे ते आठवून ठेवा.