सतरा नंबरचा पेपर

सतरा नंबरच्या पेपरवर दहापैकी नऊ गुण लिहिताना भावजयीला आपल्या पदरात काय पडणार ते पक्कं ठाऊक होतं. गुडघेदुखीवरच्या इंजेक्शनांचे एकेचाळीस शोधनिबंध वाचून त्यांची क्रमवारी लावायची आणि वरचे दहा आढावा लेखात घ्यायचे. लेखावर जिचं नाव पहिलं, तिची विभागातली नोकरी कायम. दुसरीने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. आणि ही दुसरी म्हणजे तिची सख्खी नणंद.

नियम विभागप्रमुखांचे होते. लेखकांची नावं काळ्या पट्टीखाली झाकलेली. दोघींनी वेगवेगळे गुण द्यायचे, फार तफावत पडली तर समोरासमोर बसून मिटवायची. जिला आपले गुण जास्त वेळा बदलावे लागतील, तिचं नाव मागे. पट्टीखालचा लेखक ओळखू आला तर तसं सांगून बाजूला व्हायचं. लपवणारी थेट कामातून बाद. आतापर्यंत दोघींनी आठ-आठ वेळा माघार घेतली होती. वादातला हा शेवटचा पेपर.

नणंदेने त्याला दोन गुण दिले होते.

"ताई, दोनच? फारच उदार झालात."

"ते शुद्धलेखनाचे. बाकी शून्य."

"कारण लिहावं लागेल."

"लिही की. बारा पेशंट उपचार अर्धवट सोडून गेले, त्यांचा कुठे पत्ताच नाही."

भावजयीने पानं सावकाश उलटली. ओठांतलं हसू तिला आवरेना.

"यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत अठ्ठेचाळीसच पेशंट आहेत. तुम्हाला हे बारा कुठे भेटले?"

नणंदेची पेन्सिल थांबली.

"भावाचा पेपर ओळखलात, आणि मूग गिळून बसलात?" भावजयीने प्रमुखांना चिठ्ठी लिहायला कोरा कागद पुढे ओढला.

"लिही," नणंद म्हणाली. "हेही लिही, की त्या बारा जणांना फोन मीच केले होते. गुडघे सुजले म्हणून सोडून गेले बिचारे. आणि तुझ्या नवऱ्याला पेशंटांचा पहिला तक्ता तूच टाइप करून दिला होतास. साठ ओळी होत्या."

भावजयीने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"इतकी वर्षं बोलला नाहीत ते!"

"तू तरी कुठे बोललीस?"

चिठ्ठी वर गेली तर नणंद बाद, पाठोपाठ आपण, आणि वर नवऱ्याची खुर्चीही जाणार. भावजयीने कोरा कागद बाजूला सारला. नऊवर काट मारून शेजारी दोन लिहिले. तफावतच उरली नाही. आता कारण कोणी विचारणार नव्हतं.

"माघार तुझी नऊ वेळा, माझी आठ," म्हणत नणंदेने यादीतून सतरा नंबर खोडला.

संध्याकाळी नवऱ्याने बूट काढता काढता विचारलं, "माझा पेपर आला का गं वरच्या दहांत?"

"नावं झाकलेली असतात," ती म्हणाली.

नणंदेची नोकरी कायम झाली. नवऱ्याची अब्रू शाबूत राहिली. भावजयीने पुढच्या वर्षीचा अर्ज भरून ठेवला. बारा जणांचे सुजलेले गुडघे तेवढे याही यादीत कुठे आले नाहीत.