उत्तरेकडची उशी

कळंबला पोचेपर्यंत आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उमाबाईंनी एकही सूचना करायची नाही, एवढीच अट होती. लेकीने, आसावरीने, ती भिसेगावच्या घरी चहा पिता पिता घातली होती.

"आई, जानेवारीत आम्ही दोघं गाडीला हे चाकांवरचं घर जोडून कन्याकुमारीला निघणार. वीस दिवस. तुला यायचंय ना? मग आधी एक रात्र कळंबला राहून बघू. तू सूचना दिल्या नाहीस तर न्यायचा विचार करू."

"मी कधी सूचना देते?" उमाबाई म्हणाल्या, आणि त्याच दमात, "कप बशीत ठेव, डाग पडेल."

कन्याकुमारी हे त्यांचं जुनं दुखणं होतं. त्र्याऐंशी साली तिकिटं काढलेली होती. यजमान, कालव्यावरचे ओव्हरसियर विष्णुपंत, नवीन होल्डॉल घेऊन आले होते. उमाबाईंनी मात्र ऐनवेळी दहावीचे भूमितीचे गठ्ठे तपासायला घेतले आणि "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणाल्या. त्या गठ्ठ्यातल्या एका मुलाने वर्तुळाला चार कोपरे काढले होते, हे त्यांना अजून आठवत होतं. पुढचं वर्ष तेवढं आलं नाही, आणि विष्णुपंतांना जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. दोष कुणाला द्यावा, तर घरात आरसा एकच.

म्हणून वाटेतलं कशेळे ओलांडलं तरी त्या खरोखर गप्प होत्या. जावई मिहीरराव चुकीच्या गिअरमध्ये चढ चढत होते, तरी गप्प. स्वतः त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती, पण गिअर चुकलेला त्यांना आवाजावरून कळे.

कळंबला मोतीबाई नावाच्या शेतकरणीच्या भातखाचरात मुक्काम होता. भात कापून झालेलं, बांधाकडेला वाल उगवलेला, मधल्या रिकाम्या जागेत शनिवार-रविवारी मुंबईचे लोक तंबू ठोकत. मोतीबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "लावा कुठंबी. जमीन कडक हाय."

मिहीररावांनी घर बांधाला समांतर उभं केलं, गाडीतून उतरून, मोबाइलवर पातळी मोजायचं अॅप लावून तो घराच्या फरशीवर ठेवला आणि खूश झाले. "बेस्ट! उतार लांबीत आहे. पुढचं छोटं चाक हँडलने चार वेढे वर घेतलं की झालं. आडवा फरक दोनच बोटं, त्याला एक फळी पुरे."

उमाबाईंनी पर्समधून विष्णुपंतांची लाकडी पाणसळ काढली आणि मुकाट्याने फरशीवर ठेवली. बुडबुडा मोबाइलशी सहमत होता. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर ही गोष्ट सांगायला काही उरलंच नसतं. पण मान वर करताना त्यांना दोन गोष्टी एकदम दिसल्या: मागच्या भिंतीला लागून पलंगाची उशी, आणि त्या भिंतीपलीकडे, आभाळात, उत्तर.

त्यांनी ओठ मिटले. दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत मोजलं. मग वाटलं, ही काही सूचना नाही, हा तर मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

"मिहीरराव," त्या अगदी हळू म्हणाल्या, "उत्तरेला डोकं करून झोपत नाहीत हो."

"आई!" आसावरी ओरडली.

"मी कुठे काय म्हणाले? दिशा सांगितली फक्त."

आसावरीच्या हातात असतं तर ती तिथेच भांडली असती. पण गाडीची किल्ली जावयाकडे होती, आणि सासूबाईंचा शब्द मोडायची मिहीररावांना लग्नापासून सवय नव्हती. त्यांनी घर काटकोनात वळवलं. उशी पूर्वेला आली. उमाबाईंना बरं वाटलं.

मोबाइल पुन्हा फरशीवर ठेवला, तर तो घसरत दारापर्यंत गेला. लांबीतला सगळा उतार आता आडवा झाला होता. डावं चाक उजव्यापेक्षा चांगलं वीतभर खाली.

"हे छोट्या चाकाने नाही होणार," मिहीरराव म्हणाले. "डावं चाक फळ्यांवर चढवावं लागेल."

त्यांच्याकडे फळ्या दोन होत्या. मोतीबाईंनी गोठ्यामागून आणखी दोन आणून दिल्या. मिहीरराव गाडीत बसले, आसावरी पुढच्या जोडापाशी उभी राहिली आणि चाक नेमकं कुठे थांबवायचं ते सांगायला कुणीतरी हवं होतं. उमाबाई आपण होऊन चाकापाशी गेल्या. काटकोन त्यांच्यामुळे झाला होता, निस्तरणं आलंच.

"या, या हळूहळू. डावीकडे घ्या थोडं, म्हणजे तुमच्या डावीकडे नव्हे, माझ्या, म्हणजे तुमचं तोंड तिकडे आहे म्हणून उजवीकडे. आता असं समजा की फळीचा मध्यबिंदू..."

मध्यबिंदू पूर्ण होईपर्यंत चाक फळीवर चढून पलीकडे धप्पकन उतरलं होतं. घरातल्या कपाटातून ताटल्या पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या खेपेला फळीच वरचा कडक पापुद्रा फोडून खालच्या ओलीत रुतली. तिसऱ्या खेपेला घर इतकं कललं की दार उघडेना.

मिहीरराव उतरले आणि बांधावर बसून राहिले.

"आई, एका रात्रीत हे," आसावरी म्हणाली. "वीस रात्री मी कसं निभावू, सांग?"

उमाबाई एका फळीवरचा चिखल खरवडू लागल्या. एरवी त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला तीन रीती असत.

मोतीबाई इतका वेळ कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "काय गं बाय, गाडी बरी लागली व्हती की. मंग फिरवली कशाला?"

"उशी उत्तरेला येत होती," उमाबाई पुटपुटल्या.

"अगं मंग उशी दुसऱ्या टोकाला टाकायची!" मोतीबाई म्हणाल्या. "आमी खाट न्हाय फिरवत, उशी फिरवतो. तुमी तं घरच फिरवलंत!"

आसावरी मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यात रागही बराच होता. उमाबाईंच्या मनात आलं, पलंगाला दोन टोकं असतात हे पाचवीतलं पोर सांगेल. त्यांना मात्र एकतीस वर्षं फळ्यावर रेषाखंड काढून ते दिसलं नव्हतं. शिवाय दोन्ही बिंदूंना त्या नावंही देत असत.

"मी सकाळच्या टमटमने परत जाते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं जा जानेवारीत. माझं तोंड माझ्या ताब्यात नाही, हे मला आज कळलं. तुला आधीच माहीत होतं."

आसावरी फळ्या गोळा करू लागली.

उन्हं डोंगराला टेकली होती. घर पुन्हा पहिल्या जागी आणायला हवं होतं. मिहीररावांनी ते बांधाला समांतर आणलं आणि डाव्या चाकापुढे ती दोन बोटांची एक फळी टाकली. आसावरी चाकापाशी उभी राहिली. चाक आलं, चढलं, ती "थांब" म्हणेपर्यंत उतरलं. पुन्हा एकदा तेच. तिला चाक बघू की नवऱ्याचा चेहरा, हे ठरवता येत नव्हतं.

"तुमची आई हुबी ऱ्हाऊ द्या," मोतीबाई म्हणाल्या. "पन बाय, भाषण नको. नांगराच्या बैलाला काय आपन धडा वाचून दावतो? येकच शबूद."

उमाबाई ओल्या मातीत गुडघ्यावर बसल्या. चाक फळीवर चढायला लागलं. त्यांच्या घशात डावं, उजवं, मध्यबिंदू, सगळं दाटून आलं होतं. त्यांनी ते तसंच गिळलं. रबर फळीच्या मधोमध आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बस्स."

गाडी थांबली. मिहीररावांनी चाकांना दोन्हीकडून अडसराचे ठोकळे लावले, गाडी सोडवली, पुढच्या छोट्या चाकाचं हँडल चार वेढे फिरवलं, कोपऱ्यांचे पाय खाली घेतले. मग त्यांनी आत जाऊन उशी दुसऱ्या टोकाला टाकली आणि मोबाइल पुन्हा फरशीवर ठेवला.

"बुडबुडा मधोमध," ते दारातून म्हणाले. बायकोकडे बघत, पण आवाज थोडा चढवून, "आसावरी, माझ्याच्याने रोज तीन-तीन वेळा चढवणं व्हायचं नाही. चाकापाशी आई हव्यात."

बावीस वर्षांत जावयाने पहिल्यांदाच सासूबाईंच्या समोर मत दिलं होतं. आसावरीने एका बाजूने आणि मोतीबाईंनी दुसऱ्या बाजूने उमाबाईंना मातीतून उभं केलं. लुगड्याला चिखल लागला होता. तो कसा काढायचा हे त्यांना माहीत होतं. त्या बोलल्या नाहीत.

आसावरीने आईच्या हाताची माती झटकली.

"वीस दिवसांच्या गोळ्या मोजून काढून ठेव," ती म्हणाली. "आणि स्वेटर एकच."

गोळ्या पंचवीस दिवसांच्या असाव्यात, वाटेत उशीर होतो. स्वेटर दोन, कारण एक भिजतो. हे सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं.

"बरं," उमाबाई म्हणाल्या.

त्र्याऐंशीच्या गठ्ठ्यातलं चौकोनी वर्तुळ आठवणाऱ्या त्या बाईला हा शब्द आपण घरात याआधी कधी उच्चारला होता, ते काही केल्या आठवेना.