मधला आकडा

१४ सप्टेंबर, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटे. हिनोसे नदीच्या पूरनियंत्रण कार्यालयातील बैठकीत आम्ही सात जण होतो आणि टेबलावर आकडे दोन.

नदीच्या प्रवाहाची दोन संगणकीय प्रारूपे आमच्याकडे चालत. कानबाराबाईंच्या प्रारूपानुसार पाच वाजता शहराच्या पुलापाशी पाणी ५.१ मीटरवर असणार होते. त्सुमुरांच्या प्रारूपानुसार ६.९ वर. पाऊस दोघांनी सारखाच धरला होता. वाद होता तो वरच्या अंगाच्या मिझोए गावातील बांधाचा. तो फुटला की पाणी भातखाचरांत पसरते आणि शहर वाचते.

"दर मोठ्या पुरात फुटलाय तो," कानबाराबाई म्हणाल्या.

"पण गेल्या हिवाळ्यात काँक्रीटचा केला ना! आता कशाला फुटेल?"

"नव्याचे नऊ दिवस, त्सुमुरा-सान. एक तरी पूर बघू दे त्याला."

विभागप्रमुख ओरिहाशी यांच्या बैठकीतून कोणी हिरमुसून उठत नसे. त्यांनी पेन्सिल उचलली. "दोघंही मेहनती माणसं. दोघांचाही मान राहू दे. मधला आकडा धरू. सहा."

नदीकाठचा वृद्धाश्रम रिकामा करण्याचा आदेश ६.२ च्या खाली निघत नाही.

"साहेब, सहा मीटर पाणी येणारच नाही हो," त्सुमुरा उभे राहिले. "बांध फुटला तर पाच पॉइंट एक, टिकला तर सहा पॉइंट नऊ. अर्धा बांध फुटत नसतो!"

साहेब हसले. "त्सुमुरा-सान, नदी चढतेय की आईची काळजी?"

बाकीचेही हसले. त्सुमुरांची आई त्याच आश्रमात, तळमजल्यावर होती. तिला नदी दिसावी म्हणून खिडकीजवळची खाट त्यांनीच मागून घेतली होती. त्यांचे कान लाल झाले. आपल्या माणसासाठी आकडा फुगवला, असा बोल लागू नये म्हणून ते खाली बसले.

"तसं त्सुमुरांचं बरोबर आहे..." कानबाराबाई पुटपुटल्या.

"चहा घ्या, गार होतोय," साहेब म्हणाले.

दोन वाजता शहराला ६.० चा अंदाज कळवला गेला.

साडेतीनला मिझोएच्या सरपंचांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "टिकला हो बांध! शेतात थेंब नाही आला. म्हटलं, आधी तुमचे आभार मानावेत!"

त्सुमुरा दुसऱ्या फोनवर आश्रमाचा क्रमांक फिरवत होते.

तिथल्या सेविकांनी माणसे पाठीवर घेऊन वर न्यायला सुरुवात केली; जिन्याजवळच्या खाटा आधी, खिडकीजवळच्या शेवटी.

पाच वाजता पुलाच्या मापपट्टीवर पाणी ६.९ मीटर होते. तळमजल्यावर सव्वीस जण होते. वर पोहोचले एकोणीस.